चिमीचे स्थळ

लग्ने जुळवण्याच्या भानगडीत मी आजवर कधी पडले नाही. आपल्या साप्ताहिकातल्या वधू-वरांच्या जाहिराती कुतूहलाने वाचते, एवढाच त्या विषयाशी माझा संबंध. पण २०२३ सालच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी एक स्थळ शोधत नागपूरभर फिरले. मुलगी गोरी, नाकीडोळी नीटस, स्वभावाने गरीब, वय अंदाजे दोन वर्षे, वजन सहा किलो. दोष म्हणाल तर एकच. तिला फिट येत असे.

मुलगी म्हणजे कुत्री. नाव चिमी. हे नाव आम्ही ठेवले. आधीच्या घरी तिला काय म्हणत होते ते तिने सांगितले नाही, आणि ज्यांनी सोडून दिले त्यांनी चिठ्ठीही ठेवली नव्हती.

मे महिन्यातले नागपूरचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. माझा मुलगा कॉलेजातून येताना अजनी पुलाजवळ थांबला, तर एका बंद टपरीच्या सावलीत ही बसलेली. अंगावर पांढरे दाट केस, त्यात गोचिड्या, गळ्यात लाल पट्टा, जीभ बाहेर. पट्टा होता म्हणजे कुणाच्या तरी घरची होती. टपरीच्या शेजारचा सायकल दुरुस्तीवाला म्हणाला, सकाळी एक गाडी थांबली, दार उघडले, हिला खाली ठेवले आणि दार लावून गाडी गेली. ती काही अंतर गाडीमागे धावली आणि परत त्याच जागी येऊन बसली. तिथून ती हलायला तयार नव्हती. मुलाने दप्तरात घालून घरी आणली.

आपल्याकडे अशा कुत्र्याला सरसकट 'पामेरियन' म्हणतात. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले, हा इंडियन स्पिट्झ. पामेरियनचाच दूरचा भाऊबंद, पण आपल्याकडचे ऊन त्यापेक्षा बरे सोसणारा. आमच्या शेजारच्या काकूंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारले, "आपल्या लोकायले कुत्रे पोसाचा शौक कधीपासून लागला व?" मी काही बोलले नाही. बैठकीतल्या भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवले. १९३४ सालच्या फेब्रुवारीतला, राजगृहावरचा फोटो. बाबासाहेब, रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई, मुकुंद, आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्रा. तो फोटो काकूंच्याही घरी आहे. पण त्यातला कुत्रा त्यांनी तोवर पाहिलाच नव्हता. चष्मा लावून जवळून पाहिला आणि म्हणाल्या, "हाय बाई खरंच."

आठ दिवस सुखाचे गेले. नवव्या दिवशी पहाटे तिला पहिली फिट आली.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. ती झोपलेली होती. अंग एकदम ताठ झाले, मान मागे गेली, चारही पाय सायकल चालवल्यासारखे हलू लागले, तोंडाला फेस, अंथरुणात लघवी. डोळे उघडे पण त्यांत ओळख नाही. माझ्या मुलाने कुठेतरी ऐकलेले, की जीभ गिळली जाते म्हणून दातांत चमचा घालावा. तो घालायला गेला आणि दात बोटाला लागला. जीभ गिळली जात नाही, माणसाची नाही आणि कुत्र्याचीही नाही. तोंडाजवळ हात नेऊच नये. पण हे आम्हाला नंतर कळले. कुत्र्याचे आधीचे लसीकरण माहीत नाही म्हटल्यावर मुलाला सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची सगळी इंजेक्शने घ्यावी लागली. असा दात लागला, नुसता ओरखडा उठला, तरी जखम साबणाच्या पाण्याने चांगली पंधरा मिनिटे धुवावी आणि इंजेक्शने घ्यावीत. यात चालढकल करण्यासारखे काहीच नाही.

वस्तीत बातमी फिरायला वेळ लागला नाही. कुत्री पिसाळली. एकजण म्हणाला महानगरपालिकेला फोन लावा, दुसरा म्हणाला फोन कशाला, मी पाहून घेतो. त्याचे 'पाहून घेणे' म्हणजे काय ते मला समजले. तिसऱ्या घरच्या आजी कांदा फोडून घेऊन आल्या, हुंगवा म्हणून. कुणी चप्पल सुचवली. एका शिकलेल्या बाईंनी हळूच कानात सांगितले, अमावस्येच्या आसपासच येते का ते पाहा. ज्यांच्या कपाटात पुस्तकांच्या रांगा आहेत अशी ही वस्ती! पण फिट पाहिली की माणूस पुस्तके विसरून जुन्या जागी जाऊन उभा राहतो.

आम्ही तिला ऑटोत घालून सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर शांत होते. त्यांनी सांगितले, पिसाळलेला कुत्रा दोन झटक्यांच्या मध्ये पूर्ववत होत नाही, तो दिवसागणिक खालावतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. ही तर तासाभरात उठून पोळी मागते आहे. तरी दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा, मग लस देऊ. दहा दिवस गेले, चिमी जशीच्या तशी. मग रक्त तपासले. साखर, यकृत, मूत्रपिंड सगळे ठीक. विषबाधा नाही, डिस्टेंपरची खूण नाही. अशा वेळी जे उरते त्याला अपस्मार म्हणतात, म्हणजे आपली मिरगी. कुत्र्यांत ती बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होते, काही जातींत आईबापांकडून येते, आणि ती बरी होत नसली तरी आटोक्यात राहते.

औषध फिनोबार्बिटोन. माणसांसाठी फार जुन्या काळापासून वापरतात तेच. तिच्या वजनाला तीस मिलिग्रॅमची अर्धी गोळी, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. डोस डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेला आहे, कुणी वाचून आपल्या कुत्र्याला देऊ नये. गोळी स्वस्त आहे, पण चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि पुष्कळ दुकानांत नसतेच. खरा खर्च रक्ताच्या तपासण्यांचा. सुरुवातीला दोन-तीन आठवड्यांनी औषधाचे रक्तातले प्रमाण पाहायचे, पुढे दर सहा महिन्यांनी यकृत. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर खाली दोन रेघा मारून लिहिले होते: अचानक बंद करू नये.

या शेवटच्या ओळीवर मी पुढे येणार आहे.

मग तुम्ही विचाराल, एवढे सगळे केले तर घरीच का नाही ठेवली? आमच्या घरी यजमानांना दमा आहे. स्पिट्झचे केस म्हणजे कापूस पिंजल्यासारखे, उशीवर, ताटात, नाकात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि त्यांचा पंप दिवसातून दोनदाचा पाचदा झाला. त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, घरात एक तर कुत्रा नाही तर पेशंट. त्यात माझी सकाळची शाळा, मुलाची परीक्षा, दुपारी घराला कुलूप. फिट आली तर जिन्यावरून पडेल ही धास्ती. ती पुढच्या खोलीत आणि यजमान मागच्या खोलीत, असे आम्ही काही आठवडे काढले. पण हे तात्पुरते होते, आणि तीही ते समजत असावी. दाराशीच बसून राहायची.

पहिले स्थळ लवकर आले. मोठ्या कॉलनीतले, अंगण, झोपाळा, दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. मुलीला पांढरा कुत्रा हवा होता. मुलीच्या आईने चिमीला पाहताक्षणी उचलून छातीशी धरले. आमचे घरातले म्हणाले, अगदी फिट-बिट असे सांगून घाबरवू नकोस, गोळी चालू आहे एवढे पुरे. मी काय सांगितले? मी सांगितले, "थोडे औषध आहे, सकाळ-संध्याकाळ. ताकदीचे समजा." हे शब्द माझे आहेत. ते मी कुणावर ढकलणार नाही.

अकराव्या दिवशी रात्री फोन. संध्याकाळपासून सहा वेळा झाले, मुलगी रडून रडून तापली आहे, तुम्ही हिला घेऊन जा. त्यांनी गोळी चार दिवसांपूर्वी बंद केली होती. ताकदीचे औषध, आणि कुत्री तर धडधाकट दिसते, पाणी मात्र फार पिते आणि घरात लघवी करते, म्हणजे ते औषधच बाधत असणार, असा त्यांचा हिशेब. हिशेबात चूक नव्हती. या औषधाने तहान, भूक आणि लघवी वाढतेच. सुरुवातीला पायही लटपटतात, झोपही फार येते. पण मी हे सांगितलेच नव्हते. आणि हे औषध झटक्यात थांबवले की दबून राहिलेल्या फिटा एकदम उसळून येतात. दोन रेघा मारलेली ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती.

रात्री एका खाजगी डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन देऊन ते थांबवले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिमीला दिसत नव्हते. ती भिंतीवर आपटायची, मागे सरकायची, परत आपटायची. मी शाळेला रजा टाकली आणि तिच्या बाजूला जमिनीवर बसून राहिले. त्या कॉलनीतल्या लोकांचा मला राग आला नाही. अजनी पुलाजवळ थांबलेल्या त्या गाडीवाल्यांचा मात्र आला, आणि मग लक्षात आले की त्यांच्याही पहिल्या दिवशी कुणीतरी काहीतरी लपवले असेल. कुत्री विकणारे कुत्रीच्या आजाराचा दाखला देत नाहीत.

असे जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६० सालच्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमात आहे, की उपाशी किंवा तहानलेले राहून जनावराचे हाल होतील अशा अवस्थेत त्याला वाजवी कारणाशिवाय टाकून जाऊ नये. शिक्षाही लिहिली आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. साठ सालचे पन्नास रुपये! तेव्हा त्या रकमेला वजन होते.

त्या रात्रीनंतर मी पद्धत बदलली. एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: 'फिट येते. रोज दोन वेळा गोळी, जन्मभर. सहा महिन्यांनी रक्त तपासणी. पाणी फार पिते.' आणि त्याखाली बारीक अक्षरात, की कुत्री गोड आहे. हे पुठ्ठे जनावरांच्या दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि शाळेच्या फलकाजवळ लावले. यजमान म्हणाले, अशी जाहिरात वाचून कोण येणार? चार महिन्यांत पाच फोन आले.

एकाने पहिलाच प्रश्न केला, पिल्ले देईल का? पांढऱ्या पिल्लांना भाव आहे म्हणे. मी सांगितले, नसबंदी झाली आहे. खरे तर तेव्हा व्हायची होती, पण पुढच्याच आठवड्यात करून घेतली. माजावर आली की कित्येक कुत्र्यांना फिट वाढते, आणि हा आजार पिल्लांत उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांनीच सांगितली होती. तर ते खोटे मी एक आठवडा आधी बोलले, एवढेच.

एक ताई आल्या आणि चिमीची गोष्ट ऐकून ओक्साबोक्शी रडल्या. आत्ताच नेते म्हणाल्या. मी म्हटले, पुढच्या रविवारी या, सकाळी सातला, गोळी देताना पाहा. त्या आल्या नाहीत. मला वाईट वाटले नाही. दया चांगलीच, पण ती बहुतेक सकाळी सातला उठत नाही. एका गृहस्थांना राखणीला कुत्रा हवा होता आणि बांधायची जागा होती पत्र्याखाली, गच्चीवर. नागपुरात! फिटच्या झटक्यात अंग आधीच तापते. चौथ्या फोनवर नुसतीच चौकशी.

पाचवी बाई फोन न करता आली. आमच्याच शाळेतली, पोषण आहाराची खिचडी शिजवणारी. वय चाळिशीचे. इतकी वर्षे मी तिला पाहात होते, पण 'आज मीठ कमी झाले' यापलीकडे आमचे बोलणे नव्हते. दारात चपला काढून ती आत आली, चिमीकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. विचारले, "मॅडम, गोळी किती वाजता असते?"

मी सांगितले, सातला, दोन्ही वेळा.

"मंग जमते. माही बी सातलेच असते."

मला आधी समजले नाही. मग तिने कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकची एक डबी काढून दाखवली. तिला अकराव्या वर्षापासून फिटा येतात. पहिली कितीतरी वर्षे हीच फिनोबार्बिटोनची गोळी होती, सरकारी दवाखान्यातून मिळणारी. आता दुसरी आहे. शेवटची फिट येऊन सहा वर्षे झाली होती. शाळेत तिने कुणाला सांगितले नव्हते. चुलीजवळचे काम आहे, कळले तर काढून टाकतील या भीतीने. आज मी हे तिच्या परवानगीने लिहिते आहे. आता शाळेत सर्वांना माहीत आहे आणि मोठ्या पातेल्याजवळ ती एकटी उभी राहत नाही. हे खरे तर आधीच व्हायला हवे होते.

चिमीने तिचे पाय हुंगले आणि तिथेच बसली. एवढ्यावर मी हुरळून जाणार नव्हते. चिमी सगळ्यांचे पाय हुंगते. मी म्हटले, रविवारी सकाळी सातला ये. ती पावणेसातला आली, गोळी गुळाच्या खड्यात दाबून कशी द्यायची ते पाहिले, आणि म्हणाली, "गूळ रोजचा नोको. हिले भूक लई लागत असन ना? वजन वाढन." तिला कुणी सांगितले? कुणी नाही. तिचे स्वतःचे वाढले होते.

मग मी तिच्या घरी गेले. स्थळ म्हटले की घर पाहायला हवे. दोन खोल्या, जमिनीलगत, जिना नाही, गच्ची नाही. दाराला फळी, म्हणजे रस्त्यावर धावत जायची भीती नाही. दिवसभर घरी तिची म्हातारी आई. त्या कॉलनीतल्या झोपाळ्याच्या बंगल्याला दारात फळी नव्हती, हे मला त्या वेळी आठवले. मी पूर्वी पाहिले होते ते अंगण. पाहायला हवे होते, संध्याकाळी सातला घरात कोण असते.

आईचा मात्र ठाम नकार. ती खाटेवरून उठली नाही, पण आवाज खणखणीत. "एकीचं पाहून पाहून डोये फुटले माहे. आता दुसरी आनते म्हनते. फिटवाल्या घरात फिटवालं कुत्रं! लोक काय म्हनतीन?"

मुलगी चहा करायला आत गेली. आई माझ्याकडे पाहात होती. बराच वेळ गप्प बसून म्हणाली, "इचं लगन झालं होतं, तुमाले मालूम हाय?"

मला माहीत नव्हते.

"मीच लपवलं होतं बाई. लोक म्हनत, लगन झालं का फिटा बंद होतात. गोया बी नाई देल्या संग, सासरी कोनी पाहीन म्हनून. तिसऱ्या महिन्यात आली फिट. आठव्या महिन्यात आनून सोडली, इथंच, दारात. जावई रिक्षातून खाली बी नाई उतरला."

गोळ्या सोबत दिल्या नाहीत. मी खाटेच्या कडेला बसले होते आणि माझ्या पर्समध्ये अजून तीच चिठ्ठी होती.

त्या वेळी कायदाही अशाच लोकांच्या बाजूने बोलत होता. आपल्यालाही लागू असणाऱ्या हिंदू विवाह कायद्यात, लग्नाच्या वेळी वारंवार मिरगी येणारा माणूस लग्नाला अपात्र, अशी अट होती. 'मिरगी' हा शब्द त्यातून वगळला गेला १९९९ साली. तिचे लग्न त्याच्याही अगोदरच्या वर्षातले. कायदा बदलला हे तिच्या आईला मी सांगितले. ती म्हणाली, "आता काय त्याचं." आणि चहा आला.

चिमी तिथे जाईल की नाही हे त्या दिवशी ठरले नाही. आठ दिवसांनी खुद्द आईनेच नातवाकरवी, म्हणजे पुतण्याच्या मुलाकरवी, निरोप पाठवला: पंधरा दिवस आणून पाहा, मग सांगते.

पंधरा दिवसांची ही अट मलाही पसंत होती. आजारी जनावर देताना 'दिले म्हणजे दिले' असे करूच नये. मी दोन कागद लिहिले, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्यात काय होते ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल. गोळीचे नाव, प्रमाण, वेळ. एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर द्यायची, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन मिळून द्यायच्या नाहीत. पट्टीत दहा गोळ्या उरल्या की नवीन आणायची, कारण दिवाळीत दुकाने बंद असतात. फिट आली तर आधी घड्याळ पाहायचे, मग कुत्र्याकडे. खाट, पाट, चूल यांपासून दूर सरकवायचे, दिवा मालवायचा, पंखा लावायचा, तोंडाजवळ हात न्यायचा नाही, पाणी पाजायचे नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एका दिवसात दोनपेक्षा अधिक आल्या, तर रात्र असो दिवस असो, दवाखाना. रक्त तपासणीचा खर्च निम्मा माझा. आणि शेवटचे कलम: काही कारणाने ठेवणे जमले नाही तर दुसऱ्या कुणाला द्यायची नाही, मला परत करायची, आणि मी 'का' असे विचारणार नाही. यजमान म्हणाले, एवढा करारनामा घराचाही नव्हता केला.

आणखी एक गोष्ट कागदात नव्हती, ती तिनेच केली. दोघींच्या गोळ्या एकाच फळीवर आल्या तर अदलाबदल होईल, म्हणून आपली डबी देव्हाऱ्यासारख्या उंच कोनाड्यात आणि चिमीची लाल झाकणाची डबी पिठाच्या डब्यावर. माणसाच्या फिटची प्रत्येक गोळी कुत्र्याला चालत नाही, हे डॉक्टरांनी बजावले होते.

नवव्या दिवशी, योगायोगच म्हणायचा, चिमीला फिट आली. मला फोन आला तो सगळे संपल्यावर. आवाजात घाई नव्हती. "मॅडम, एक मिनिट चाळीस सेकंद झाली. आता पोळी मांगून रायली. देऊ का अर्धी?" मी विचारले, आई घाबरल्या का? ती म्हणाली, "आईनंच घड्याय पाह्यलं. मी दिवा मालवला."

मागून म्हातारी काहीतरी ओरडत होती. मी म्हटले, काय म्हणतात? "म्हनते, वापस न्याले येऊ नका म्हना."

या गोष्टीला आता बराच काळ झाला. फिटा पूर्ण थांबलेल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांतून एखादी येते. त्यांनी एका जुन्या शाळेच्या वहीत तारखा लिहिल्या आहेत, पुढे मिनिटे आणि सेकंद, आणि डॉक्टर दर वेळी आधी ती वही मागतात. मध्यंतरी यकृताच्या तपासणीत एक आकडा वर गेला होता. डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला, दुसरे एक औषध जोडले, आणि खर्च वाढला. तो आम्ही दोघींनी आणि शाळेतल्या तीन शिक्षिकांनी वाटून घेतला आहे. दर महिन्याला कुणाकडे किती राहिले यावरून थोडी कुरबूर होते, तीही चालते.

गेल्या महिन्यात संध्याकाळी मी सहज तिकडे गेले. आमच्या बोलण्यात पावणेसात वाजले. दाराच्या फळीपाशी चिमी उभी राहिली आणि माझ्याकडे तोंड करून भुंकू लागली. माझ्याच घरी पाच महिने पोळी खाल्लेली कुत्री! मी हाक मारली, तरी भुंकतेच आहे. म्हातारी खाटेवरून म्हणाली, "तुमाले नाई भुकत बाई ते. गोयीचा टाईम झाला, कोनी घरात बसून असलं का तिले चालत नाई."

मी चपला घातल्या.